प्रकृती अनेक, हवा एक

शिशाच्या बॅटऱ्या बनवणाऱ्या कारखान्यात एकाच विभागात, एकाच पाळीत काम करणाऱ्या माणसांच्या रक्तात शिसे सारख्या प्रमाणात सापडत नाही. कोणाची जागा भट्टीला लागून असते, कोणी हात न धुता डबा उघडतो, कोणी कामावरच विडी ओढतो, कोणी तेच कपडे अंगावर घेऊन घरी जातो. फरकाचा मोठा भाग एवढ्याने उलगडतो. हे सगळे वजा केल्यावरही थोडा फरक उरतो, आणि १९८० च्या दशकापासून त्याचा काही भाग जनुकांपर्यंत नेऊन भिडवता आला आहे. या उरलेल्या फरकाचा भार कोणी वाहायचा, ज्याच्या शरीरात तो आहे त्याने की ज्याच्या कारखान्यात शिसे उडते आहे त्याने, हा तत्त्वज्ञानाच्या वाट्याला येणारा प्रश्न. मात्र त्याआधी शरीरात काय घडते ते पाहावे लागते, कारण या विषयावरच्या बऱ्याच नैतिक चर्चा ‘दुबळे जनुक’ नावाची वस्तू सापडलीच आहे असे गृहीत धरून पुढे जातात.

रक्तातले शिसे जवळजवळ सगळे तांबड्या पेशींत असते, आणि पेशीच्या आत ते मुख्यतः एका विकराला चिकटलेले असते. डेल्टा-अमिनोलेव्ह्युलिनिक ॲसिड डिहायड्रेटेज हे त्याचे लांबलचक नाव. अभ्यासक त्याला ‘अलाड’ म्हणतात. हिमोग्लोबिनमधले हीम तयार करण्याच्या साखळीत त्याचे काम सुरुवातीलाच येते. त्या कामासाठी त्याला जस्त लागते. शिसे जस्ताची जागा बळकावते, विकर थंडावते आणि पुढे जायला हवे होते ते अमिनोलेव्ह्युलिनिक ॲसिड मागेच साचत राहते. हे ॲसिड मज्जासंस्थेला अपायकारक असते. शिसेबाधा झालेल्या कामगाराच्या लघवीत ते वाढलेले सापडते, आणि कितीतरी वर्षे रोगाची खूण म्हणून तेच मोजले जाई.

या विकराची कृती नवव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात लिहिलेली आहे. जनुकाची दोन रूपे माणसांत सर्रास आढळतात. दुसऱ्या रूपात, म्हणजे अलाड-२ मध्ये, प्रथिनाच्या साखळीतल्या ५९ व्या जागी लायसीनऐवजी ॲस्पॅरॅजीन बसलेले असते. एवढ्याशा बदलाने विकराचा विद्युतभार बदलतो आणि ते शिशाला अधिक घट्ट धरते. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण पाचांतल्या एकाकडे या रूपाची निदान एक प्रत असते. आशियाई आणि आफ्रिकी वंशांच्या लोकांत हे प्रमाण बरेच कमी आहे. जर्मनीतल्या शिसे-कामगारांच्या आणि न्यूयॉर्कमधल्या मुलांच्या पाहण्यांतून असे दिसले की अलाड-२ असलेल्यांच्या रक्तात इतरांपेक्षा जास्त शिसे सापडते. हे निष्कर्ष आले तेव्हा धोकाप्रवण कामगार ओळखण्याची किल्ली हाती लागली असे वाटणे स्वाभाविक होते.

पुढच्या अभ्यासांनी चित्र गुंतागुंतीचे केले. कोरियातल्या शिसे-कामगारांना शरीरातले शिसे बाहेर काढणारे औषध देऊन लघवी तपासली, तेव्हा अलाड-२ असलेल्यांच्या शरीरातून त्यांच्या रक्तपातळीच्या मानाने कमी शिसे बाहेर पडले. हीम बनवण्यात अडथळा आल्याची दुसरी खूण, म्हणजे झिंक प्रोटोपॉर्फिरिन, हीसुद्धा त्यांच्यात कमी असल्याचे आढळले आहे. याचा एक अर्थ असा लावला जातो की अलाड-२ शिशाला रक्तातच अडकवून ठेवते. हाडांत, मेंदूत, इतर अवयवांत जाऊ देत नाही. तसे असेल तर हे रूप काही अंशी रक्षकच ठरते. उलट काही पाहण्यांत मूत्रपिंडाच्या कामाचे आकडे याच लोकांत थोडे वाईट दिसले. म्हणजे ज्याच्या रक्तात शिसे जास्त, तो जास्त बाधित, हा सरळ हिशोब इथे चुकू शकतो. एकच जनुक एका अवयवाला वाचवत असेल आणि दुसऱ्याला उघडे टाकत असेल. ड जीवनसत्त्वाची दखल घेणारा ग्राहक ठरवणारे जनुक आणि लोहाचे शोषण आवरणारे एचएफई जनुक यांचाही शिशाशी संबंध तपासला गेला आहे. तिथेही परिणाम लहान आणि परिस्थितीनुसार बदलणारे आहेत.

खरोखर दुबळा म्हणावा असा एक गट आहे, पण तो अत्यंत लहान आहे. ज्यांच्या शरीरात अलाड विकर मुळातच निम्मे किंवा त्याहून कमी तयार होते, त्यांना अल्प शिशानेही त्रास होऊ शकतो. हा दोष दोन्ही प्रतींत असणारा पॉर्फिरिया हा आजार इतका दुर्मीळ आहे की जगभरातल्या नोंदलेल्या रुग्णांची गणना बोटांवर होईल. पाचांतल्या एकाला लागू होणारे सामान्य रूप आणि हा दुर्मीळ दोष यांना ‘जनुकीय संवेदनशीलता’ या एकाच शब्दाखाली टाकल्याने चर्चेत मोठा घोळ होतो. पहिल्याचे भाकीत कमकुवत, दुसऱ्याचे रुग्ण विरळ. कामगारांची सरसकट चाळणी करण्याला जितक्या भक्कम आधाराची गरज असते तितका आधार दोन्हींपैकी कोणीच देत नाही.

तरीही क्षणभर असे मानू की उद्या निःसंदिग्ध चाचणी सापडली. मग तरी रोगाचे कारण जनुक आहे असे म्हणता येईल का? ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ मध्ये एका गाजलेल्या निबंधात याचे उत्तर अप्रत्यक्षपणे दिले. सगळा समाज दिवसाला सारख्याच सिगारेटी ओढू लागला तर फुप्फुसाचा कर्करोग कोणाला होतो आणि कोणाला नाही याचा अभ्यास करणाऱ्यांना तो आनुवंशिक रोग वाटेल, असे त्यांनी दाखवून दिले. जे सर्वांना सारखे मिळते ते तुलनेत दिसेनासे होते. उरतो तो फक्त माणसामाणसांतला फरक. शिशाच्या कारखान्याला हे तंतोतंत लागू पडते. आतल्या दोनशे माणसांची आपापसांत तुलना केली तर जनुक डोळ्यांत भरते. त्याच दोनशे माणसांची गावातल्या इतरांशी तुलना केली तर जनुके दोन्हीकडे सारखीच निघतात आणि शिसे पुढे येते. कारण कोणते, हे तुलना कोणाशी केली यावर ठरते, आणि तुलना कोणाशी करायची हे निसर्ग सांगत नाही.

न्यायदर्शनाने कारणांची जी वर्गवारी केली आहे ती इथे उपयोगी पडते. प्रत्येक कार्याला काही साधारण कारणे असतात, जी सगळ्याच कार्यांना समान असतात. काल, दिशा, अदृष्ट यांची गणना त्यांत होते. त्यांच्या जोडीला असते असाधारण कारण, जे त्या विशिष्ट कार्याचेच असते. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात ‘करण’ म्हणजे हेच. यातली लक्ष देण्याजोगी बाब अशी की पूर्वकर्माचे फळ म्हणून जे अदृष्ट मानले जाते, ते या परंपरेने सर्व कार्यांच्या मागे ठेवले आणि त्यामुळेच ते कोणत्याही एका कार्याचे विशेष स्पष्टीकरण म्हणून पुरेसे उरले नाही. ‘त्याचे भोग’ म्हणून विषय मिटवणाऱ्या लोकसमजुतीपेक्षा ही भूमिका बरीच काटेकोर आहे. जनुकाला आज अदृष्टाची जागा देण्याचा मोह होतो: दिसत नाही, जन्माबरोबर येते, भोगणाऱ्याच्याच पदरी असते. पण जनुके सर्वांच्या सर्व आजारांमागे आहेत. अमुक कामगाराला अमुक साली शिसेबाधा का झाली याचे असाधारण कारण शोधायचे तर हात शिशापाशीच थांबतो. शिसे नसते तर त्या जनुकाने त्याला आयुष्यभर काहीही केले नसते.

याच प्रश्नाची अधिक जुनी आणि अधिक नेमकी मांडणी चरकसंहितेत आहे. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, जनपदोद्ध्वंसनीय नावाच्या प्रकरणात, पांचालातल्या कांपिल्य नगरीजवळ गंगेच्या काठी आत्रेय पुनर्वसू शिष्यांसह फिरत असताना अग्निवेश त्यांना विचारतो की माणसांच्या प्रकृती, आहार, शरीर, बळ, वय सगळे वेगवेगळे असताना एकच रोग एकाच वेळी सबंध जनपद कसे काय उद्ध्वस्त करतो. प्रश्नातला पेच खरा आहे. आयुर्वेदाचा सगळा डोलारा प्रकृतिभेदावर उभा; प्रत्येकाची वात-पित्त-कफाची घडण निराळी, म्हणून एकच अन्न एकाला पथ्य आणि दुसऱ्याला अपथ्य. मग सर्वांना एकच रोग का व्हावा? आत्रेयांचे उत्तर असे की प्रकृती निराळ्या असल्या तरी काही गोष्टी सर्वांना समान असतात: वायू, उदक, देश आणि काल. त्या बिघडल्या की निराळेपण वाचवू शकत नाही. आणि त्या का बिघडतात? अधर्मामुळे. इथे ग्रंथ मोघम बोलत नाही. देश, नगर, व्यापारी पेठा आणि जनपदे यांचे प्रमुख धर्म सोडून लोकांशी वागू लागतात, त्यांच्या आश्रयाने राहणारे आणि व्यवहारावर जगणारे लोक तो अधर्म आणखी वाढवतात, असा जबाबदारीचा क्रमच तिथे दिला आहे. हा क्रम सत्ता आणि व्यापार हातात असणाऱ्यांकडे जातो.

त्याच अध्यायात पुढे दैव आणि पुरुषकार यांची चर्चा आहे. आयुष्य केवळ नियत असते तर औषधाला, सावधगिरीला अर्थच उरला नसता, असा तिथला युक्तिवाद आहे. दुर्बळ दैवावर प्रयत्न मात करतो, बलवान दैव प्रयत्नाला हटवते. अलाड-२ सारख्या जनुकाला या भाषेत दुर्बळ दैवच म्हणावे लागेल. अर्थात साथीचा रोग आणि शिसेबाधा यांत एक भेद आहे, आणि तो झाकणे बरोबर नाही. साथीत सगळे कोसळतात; कारखान्यात थोडेच आजारी दिसतात आणि बाकीचे धडधाकट भासतात. म्हणूनच ‘ज्यांना सोसत नाही त्यांनी येऊ नये’ हा विचार शिशाच्या बाबतीत सुचतो. पण धडधाकट भासणाऱ्यांचा रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे आरोग्य मोजू लागल्यावर असे आढळले की पूर्वी निर्धोक मानलेल्या पातळ्यांवरही शिसे अपाय करते. आजारी आणि निरोगी अशा दोन वर्गांच्या जागी एक सलग उतरण दिसते. चाळणी करून पाचांतल्या एकाला बाहेर ठेवले तरी उरलेले चार त्याच उतरणीवर उभे असतात.

‘ज्यांना सोसत नाही’ हा विचार आधुनिक विज्ञानात पहिल्यांदा ठळकपणे मांडला तो कामगारांच्या बाजूच्या माणसाने, हा इतिहासाचा खट्याळपणा. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९३८ च्या ‘हेरिडिटी अँड पॉलिटिक्स’ या पुस्तकात कुंभारकामातल्या श्वसनरोगाचे उदाहरण घेतले. बहुसंख्य कुंभार या रोगाने मरत नाहीत. कदाचित ठरावीक घडणीच्या लोकांनाच तो होत असेल, आणि तसे असेल तर अशांना त्या धंद्यात न घेऊन रोग टाळता येईल, असे त्यांनी सुचवले. हाल्डेन समाजवादी होते, त्यांचे वडील खाणीतल्या विषारी वायूंवर संशोधन करणारे. हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पुढे १९५७ मध्ये ते भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. त्यांनी शक्यता म्हणून मांडलेली कल्पना अमेरिकेतल्या उद्योगांनी नंतर साधन म्हणून उचलली. १९७० च्या दशकात तिथल्या काही रसायन कारखान्यांत काळ्या कामगारांची सिकलसेलसाठी तपासणी होत असे, आणि सिकलसेलचे केवळ वाहक असणाऱ्यांना हवाई दलाच्या अकादमीत १९८१ पर्यंत प्रवेश मिळत नसे. वाहकांना त्या कामात खास धोका असल्याचा पुरावा तुटपुंजा होता. जनुकाच्या नावाने चाळणी सुरू झाली की ती आधीच्या भेदभावाच्या रेषांवरून किती सहज चालू लागते, ते यातून दिसले.

शिशाच्या बाबतीत ही रेषा स्त्री आणि पुरुष यांच्यामध्ये ओढली गेली. वेस्ट व्हर्जिनियातल्या विलो आयलंड इथल्या अमेरिकन सायनामिड कंपनीच्या कारखान्यात १९७८ मध्ये असे ठरले की शिशाच्या रंगद्रव्यांच्या विभागात मूल होण्याची क्षमता असलेल्या स्त्रियांना काम मिळणार नाही. पाच स्त्रियांनी नोकरी टिकवण्यासाठी शस्त्रक्रिया करून घेतली. पुढे तो विभागच बंद झाला. बॅटऱ्या बनवणाऱ्या जॉन्सन कंट्रोल्स कंपनीने १९८२ मध्ये असेच धोरण आणले: वंध्यत्वाचा वैद्यकीय दाखला नसलेल्या कोणत्याही स्त्रीला शिशाशी संबंध येणारे काम नाही, मग तिची मूल होऊ देण्याची इच्छा असो वा नसो. कामगार संघटनेने दावा लावला. वादींमध्ये नोकरीसाठी नसबंदी करून घेतलेली एक स्त्री होती, बदलीमुळे पगार गमावलेली पन्नाशीची एक घटस्फोटिता होती, आणि एक पुरुषही होता. त्याला बाप व्हायचे होते, त्याआधी रक्तातले शिसे उतरावे म्हणून त्याने रजा मागितली आणि ती नाकारली गेली. शिसे पुरुषबीजालाही हानी करते हे ठाऊक असूनही धोरण फक्त स्त्रियांपुरते होते. न्यायालयाच्या नजरेतून ही विसंगती सुटली नाही. २० मार्च १९९१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने धोरण बेकायदा ठरवले. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी लिहिलेल्या निकालपत्राचा गाभा असा की होणाऱ्या अपत्याच्या हिताचा निर्णय आईबापांचा आहे, मालकाचा नाही.

हा खटला जनुकांचा नव्हता, पण त्यातला तर्क जनुकीय चाळणीला जसाच्या तसा भिडतो. एका गटाच्या शरीरात जन्मजात असलेले वैशिष्ट्य घ्यायचे, शिशाची पातळी आहे तशीच ठेवायची आणि त्या गटाला ‘तुमच्या भल्यासाठी’ म्हणून दाराबाहेर काढायचे, असा तो नमुना आहे. काम नाहीसे होत नाही. ते दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला येते. बाहेर गेलेल्याला हवेत कमी शिसे मिळत नाही, मिळते ती बेकारी. गरिबीचे आरोग्यावर होणारे परिणाम या हिशोबात धरले तर ‘रक्षण’ हा शब्द इथे फार सैल वापरला जातो असेच म्हणावे लागते.

मालकाची बाजू मात्र निव्वळ लबाडीची नाही. इंग्लिश कायद्यात एक जुना नियम आहे: ज्याला इजा केली त्याची कवटी नेहमीपेक्षा पातळ होती, ही सबब इजा करणाऱ्याला चालत नाही, समोरचा माणूस जसा असेल तसा स्वीकारावा लागतो. त्याच्याही पुढे एक पाऊल १९५० च्या दशकाच्या आरंभी हाउस ऑफ लॉर्ड्सने टाकले. लंडनच्या स्टेपनी बरोच्या गॅरेजात एक कामगार होता, त्याला एकाच डोळ्याने दिसे. बोल्टवर घण मारताना लोखंडाची कपची उडाली आणि तो डोळाही गेला. दोन डोळ्यांच्या कामगारांना अशा कामासाठी संरक्षक चष्मा देण्याची प्रथा नव्हती. लॉर्ड्सनी बहुमताने ठरवले की मालकाला त्याचे एकाक्षपण माहीत होते, म्हणून त्याच्याबाबतची काळजी जास्त घ्यायला हवी होती. कर्तव्य सरासरी कामगाराप्रत नसते, प्रत्येकाप्रत असते. तत्त्व उदात्त आहे, पण त्याचा एक अनपेक्षित परिणाम होतो. माहिती असेल तर जबाबदारी वाढते, आणि जबाबदारी वाढणार असेल तर ज्याच्याबद्दल माहिती आहे त्याला कामावरच न घेणे मालकाला स्वस्त पडते. या पेचावर इंग्लिश न्यायालयाने १९६१ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात भाष्य केले. यंत्राच्या ग्रीसने त्वचारोग होणाऱ्या एका स्त्री कामगाराला मालकाने शक्य तितके कोरडे काम दिले होते; त्याने तिला कामावरून काढायलाच हवे होते असे कायदा म्हणत नाही, प्रौढ माणूस स्वतःच्या जोखमीचा विचार स्वतः करू शकतो, असा तो निकाल होता.

स्वतःचा विचार स्वतः करण्याचे हे स्वातंत्र्य शिशाच्या भट्टीपाशी कितपत टिकते? उदारमतवादी परंपरेत, विशेषतः तत्त्वज्ञ मिल यांच्यानंतर, प्रौढाच्या भल्यासाठी त्याच्यावर सक्ती करू नये हा दंडक आहे. पण संमतीला खरेपण यायला पर्याय असावे लागतात. ज्याच्यापुढे शिसे किंवा उपास एवढेच दोन मार्ग आहेत त्याच्या होकारावरून त्याच्या इच्छेबद्दल फारसे काही कळत नाही. ब्रिटनचे पहिले वैद्यकीय कारखाना निरीक्षक टॉमस लेग यांनी शिसेबाधेवर आयुष्य घालवल्यावर जो निष्कर्ष काढला तो हाच होता: मालकाने करण्यासारखे सारे केल्याशिवाय कामगाराच्या सावधगिरीला फारसे फळ येत नाही. पांढऱ्या शिशाच्या रंगावरचा १९२१ चा आंतरराष्ट्रीय करार मान्य करायला त्यांच्या सरकारने नकार दिला, तेव्हा १९२६ मध्ये त्यांनी पद सोडले.

मराठी वाचकाला यात आणखी एक सूर ऐकू येणे अटळ आहे. जन्मावरून काम ठरवणे आणि जन्मावरून काम नाकारणे या एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू इथल्या समाजाने शतकानुशतके पाहिल्या. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या, प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात जातीवर जी टीका केली तिचा एक मुख्य मुद्दा असा की माणसाच्या क्षमतेला आणि निवडीला तिथे स्थान नाही. जन्माआधीच जागा ठरलेली. जनुकीय चाळणीला जात म्हणणे अतिशयोक्तीचे होईल: तिथे शुद्धाशुद्धतेची उतरंड नाही, आणि अलाड-२ तर युरोपीय वंशातच अधिक आहे, म्हणजे या एका जनुकाचा फटका जगातल्या नेहमीच्या वंचितांना बसलाच नसता. तरीही माणसाने काही करण्याआधी, त्याला काही होण्याआधी, जन्माच्या खुणेवरून दार लावणे हा भाग समान आहे. जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये मांडलेला विचार याला पूरक ठरतो. निसर्गाने कोणाला काय दिले ते ना न्याय्य असते ना अन्याय्य. संस्था त्या वाटणीला कशी वागवतात त्यात न्याय किंवा अन्याय असतो.

संस्थांनी ती कशी वागवावी याचे एक ठोस उदाहरण शिशाच्याच नियमांत आहे, आणि नीतिशास्त्राच्या पुस्तकांत त्याची चर्चा होते त्यापेक्षा जास्त व्हायला हवी. अमेरिकेच्या १९७० च्या कामगार सुरक्षा कायद्याने विषारी पदार्थांची मर्यादा ठरवताना कसोटी घातली की शक्य असेल तिथवर कोणत्याही कामगाराच्या आरोग्याला, त्याने हयातभर ते काम केले तरी, गंभीर हानी होऊ नये. ‘सरासरी कामगाराच्या’ असे तिथे म्हटलेले नाही. या कायद्याखाली १९७८ मध्ये शिशाचे मानक आले: हवेत घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे नको, नियमित रक्ततपासणी, आणि रक्तातली पातळी डेसिलिटरमागे ६० मायक्रोग्रॅमला पोचली किंवा सरासरीने ५० वर राहिली तर कामगाराला शिशापासून दूर करायचे. दूर केल्यावर अठरा महिन्यांपर्यंत त्याचा पगार आणि ज्येष्ठता अबाधित. रक्तपातळी तेवढी चढली नसली, तरी एखाद्याच्या प्रकृतीमुळे त्याला जास्त धोका आहे असा वैद्यकीय निर्णय झाल्यास त्यालाही हेच संरक्षण. उद्योगांनी आणि संघटनांनीही या मानकाला न्यायालयात आव्हान दिले. १९८० मध्ये त्याचा मुख्य भाग टिकला.

या व्यवस्थेत संवेदनशीलतेचे अस्तित्व नाकारलेले नाही, पण तिचा खर्च संवेदनशील माणसावर टाकलेला नाही. पगार द्यावाच लागणार असेल तर माणसे हलवत बसण्यापेक्षा धूर ओढून घेणारे पंखे बसवणे मालकाला परवडते. नियमाची खरी ताकद तिथे आहे. एक अडचण मात्र राहते. दूर करण्याचा निकष रक्तपातळीचा, आणि अलाड-२ असलेल्याचे रक्त शिसे जास्त धरून ठेवते. म्हणजे त्याच्या हाडांत आणि मेंदूत शिसे कदाचित कमी असतानाही तो लवकर दूर केला जाईल, आणि अलाड-१ च्या दोन्ही प्रती असलेला शेजारी आतून जास्त बाधित असूनही मर्यादेखाली राहील. जनुकाच्या ज्ञानाचा रास्त उपयोग इथे आहे: रक्ताच्या आकड्याचा अर्थ सुधारण्यासाठी, आणि मर्यादा ठरवताना कोणालाही गृहीत न धरता ती पुरेशी खाली आणण्यासाठी. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून हवेतली मर्यादा ५० वरून १० मायक्रोग्रॅमवर आणली, आणि ती कोणाच्याही जनुकाची तपासणी न करता.

जनुकीय माहितीने माणसे चाळणे आणि तिने संरक्षण सुधारणे या दोन उपयोगांतला भेद कायद्याने काही प्रमाणात ओळखला आहे. अमेरिकेचा २००८ चा जनुकीय माहितीविषयक भेदभावविरोधी कायदा नोकरी देण्या-काढण्यात जनुकीय माहिती वापरू देत नाही, पण विषारी पदार्थांचा जनुकद्रव्यावर परिणाम होतो आहे का हे कामगाराच्या संमतीने तपासू देतो. वैयक्तिक निकाल कामगाराला मिळतो, मालकाला फक्त एकत्रित आकडे. भारतात शिसेबाधा १९२३ च्या भरपाई कायद्यात व्यवसायजन्य रोग म्हणून आणि १९४८ च्या कारखाना कायद्यात कळवणे बंधनकारक असलेला रोग म्हणून नोंदलेली होती. जनुकीय भेदभावावर इथे स्वतंत्र कायदा झालेला नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका विमा प्रकरणात ‘जनुकीय आजार’ असा सरसकट अपवाद घटनेच्या चौदाव्या अनुच्छेदाशी विसंगत ठरवला, पण तो प्रश्न विम्याचा होता, नोकरीचा नव्हता. शिवाय जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणाऱ्या अनौपचारिक भट्ट्यांवर कायद्याची ही सगळी चर्चा पोचतच नाही. तिथे कामगाराचे नावही हजेरीपटावर नसते, रक्त तपासणे तर दूरच. आणि शिसे तिथे राबणाऱ्यांबरोबर आसपास राहणाऱ्यांच्या, त्यांच्या मुलांच्याही अंगात जाते, कोणाचे अलाड कोणते ते न विचारता.